उरलेली चार मापं

मी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी दारू उरली होती.

बंदुकीची दारू, करडी, खसखशीएवढी बारीक. तपकिरी काचेमागं ती चटकन दिसत नव्हती, म्हणून मी बाटली हलवून बघितली. आत सर्र वाजलं. मी बाटली उलटी करून मापात ओतायला लागले. एक माप भरलं. दुसरं भरलं. तिसरं भरलं. "देवा, आता तरी संपू दे," असं मी चक्क मोठ्यानं म्हणाले. चौथंही काठोकाठ भरलं आणि मगच बाटली रिकामी झाली.

चार मापं उरली, म्हणजे चार काडतुसांत दारू पडलीच नव्हती. आणि ती काडतुसं घेऊन माझी धाकटी नणंद कुमू तासाभरापूर्वी मैदानावर गेली होती. त्या रविवारी तिची राज्याच्या संघासाठी निवड व्हायची होती. उडत्या मातीच्या थाळ्या बंदुकीनं फोडायच्या, असा तो खेळ. तिच्या पिशवीत दोनशे काडतुसं होती आणि दोनशेच्या दोनशे मी भरलेली होती.

या गोष्टीला आता छत्तीस वर्षं झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. माझं माहेर कोल्हापुरातलं, उद्यमनगरचं. वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं, त्यामुळं भातुकलीच्या वयात मी व्हर्नियर घेऊन खेळले. सासर रंकाळ्याच्या बाजूला. सासरे, म्हणजे मामंजी, सैन्यात बंदुका दुरुस्त करणारे आर्मरर. सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि इथल्या क्लबच्या बंदुका बघायला लागले. सरावापुरती काडतुसं घरी भरायचा परवाना त्यांच्याकडं होता. मागच्या खोलीत एक हातानं ओढायची प्रेस टेबलाला बोल्ट मारून बसवलेली होती.

मामंजींची काडतुसं भरायची रीत बघून माझा जीव जायचा. रिकाम्या काडतुसाच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू घालायची आणि ते भोकं पाडलेल्या लाकडी फळीत उभं करायचं. अशी पन्नास झाली की बॅटरी घेऊन एकेकात डोकवायचं. सगळ्यांत दारू दिसली की मगच बूच, छर्रे आणि तोंड बंद. प्रेसजवळ कुणी बोलायचं नाही. चहासुद्धा दाराबाहेर ठेवायचा. अख्ख्या सकाळीत पन्नास काडतुसं झाली तर खूप झाली.

मला संथ काम बघवत नाही, आजही नाही. मी वडिलांच्या मागं लागून प्रेसला एक फिरती तबकडी करून घेतली. वर दारूची मोठी बाटली, शेजारी छर्ऱ्यांची. दांडा ओढला की तबकडी एक घर पुढं सरकायची आणि दर ओढीला एक तयार काडतूस खालच्या डब्यात टपकन पडायचं. तासाला शंभर! मला वाटलं होतं मामंजी खूष होतील. त्यांनी तबकडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं,

"आणि आत बघायचं कुठनं?"

"बघायचं काय त्यात, मामंजी? मशीन कुठं चुकतंय? चुकतोय तो माणूस."

"व्हय. आणि मशीन कोण ओढतंय?"

आठवडाभर त्यांनी तबकडीला हात लावला नाही. पण निवड चाचणी जवळ आली आणि कारखान्याची काडतुसं काही येईनात. क्लबचा नियम असा की चाचणीला कारखान्याचीच काडतुसं हवीत, घरची फक्त सरावाला. मामंजींनी जन्मात पहिल्यांदा वाकडी वाट धरली. घरची काडतुसं कारखान्याच्या जुन्या खोक्यांत घालायची ठरवली. पोरीनं तीन वर्षं घाम गाळला होता, तो वाया कसा जाऊ द्यायचा? एवढी काडतुसं वेळेत व्हायची तर तबकडी लागणारच होती. त्यांनी मला एकच अट घातली.

"दारू मोजून घालायची. दोनशेला दोनशे मापं. बाटली आणि काडतुसं एकदम संपली पायजेत. बाटलीत दाणा जरी उरला, तर सगळा माल मोडायचा. कळलं?"

"कळलं, मामंजी."

शनिवारी संध्याकाळी दोनशेवं काडतूस डब्यात पडलं. स्वयंपाकघरात दूध उतू जायला आलं होतं. दोन-तीन काडतुसांची तोंडं अंगठ्याला जरा आत बसलेली लागली होती, पण घडी सैल पडली असेल असं समजून मी ती खोक्यात घातली होती. तेवढ्यात सोप्यावरून मामंजींचा आवाज आला.

"शालन, बाटली बघितलीस न्हवं?"

"होय मामंजी, रिकामी हाय," मी पळता पळता म्हणाले. मी बघितली नव्हती. बाटलीच्या तोंडाशी दमट हवेनं दारूची गुठळी धरली असेल आणि चार ओढी कोरड्या गेल्या असतील, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

आणि आता चार मापं माझ्यापुढं टेबलावर होती.

बिनदारूचं काडतूस उडवलं की काय होतं, हे मामंजींनीच मला सांगितलं होतं. नुसती टोपी फुटते. तिच्या जोरावर बूच आणि छर्रे निम्म्या नळीपर्यंत सरकतात आणि तिथंच अडकून बसतात. आवाज येतो तो फुस्स एवढाच. मग त्याच नळीतून पुढचा खरा बार काढला, की त्याला बाहेर पडायला वाट नसते. नळीच फाटते. त्यांच्या पलटणीतल्या एकाची चार बोटं आणि एक डोळा असा गेला होता. हे सगळं त्यांनी मला सांगितलं, तेव्हा मी भेंडी चिरत होते. "अगं बाई!" म्हणाले आणि चिरत राहिले.

कुमूची लूना परड्यात उभी होती. मी ती गल्लीच्या टोकापर्यंतच काय ती चालवलेली. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या.

"कुठं निघालीस गं एवढी? आणि पायात काय न्हाई ते?"

"आले आत्याबाई," म्हणाले आणि तशीच अनवाणी निघाले.

मैदान शहराबाहेर, राधानगरी रस्त्याला, सहा-सात किलोमीटर. रस्ताभर माझ्या डोळ्यांपुढं एकच चित्र होतं, कुमूचा चेहरा. ती हसली की डाव्या गालाला खळी पडायची. मी त्या गालाकडं बघायचं टाळत होते, पण तो सारखा पुढं यायचा. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला तेव्हा मी लूना थेट कच्च्या रस्त्यात घातली, पडता पडता वाचले, आणि पुन्हा दामटली. मैदान दिसायच्या आधी आवाज यायला लागले. ठो. ठो ठो. प्रत्येक आवाज पुरता आहे ना, हे मी श्वास धरून ऐकत होते.

फाटकावर कुणी अडवलं नाही. आत दोरीपलीकडं पाच नेमबाज एका ओळीत उभे होते. पाळीपाळीनं एकेकानं "पुल!" म्हणून ओरडायचं, पुढच्या खड्ड्यातून थाळी सुटायची, आणि एका थाळीला दोन बार मिळायचे. खालच्या नळीचा पहिला आणि तो हुकला तर वरच्या नळीचा दुसरा. कुमू तिसरी होती. निळा शर्ट, कानांत कापूस, वेणी पाठीवर घट्ट. तिला धडधाकट उभी बघून मला रडूच फुटलं.

तेवढ्यात तिचीच पाळी आली. "पुल!" थाळी सुटली. तिचा पहिला बार हुकला, लगेच दुसरा झाला आणि थाळीचा भुगा उडाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वारा समोरून होता. पहिला बार मला बारीक वाटला, पण तिथं पोचल्यापासून मला सगळेच बार बारीक वाटत होते. कुमूनं बंदूक मोडली, म्हणजे बिजागरीत वाकवून उघडली, दोन्ही रिकामी काडतुसं काढून फेकली आणि पिशवीतून नवी दोन भरली. आता तिची पाळी पुन्हा यायला चार जण मधे होते.

मामंजी मागच्या बाकावर बसले होते. मी त्यांच्या शेजारी अक्षरशः कोसळले.

"मामंजी, बाटलीत दारू उरलीया."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "किती?"

"चार मापं. काल मी बघितलीच न्हाई बाटली. खोटं बोलले. तिला थांबवा."

पहिला नेमबाज ओरडला. ठो.

मामंजींची मान तशीच समोर. फक्त गुडघ्यावरचा हात आवळला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "नऊ थाळ्या ऱ्हायल्यात. त्यातल्या सात फोडल्या की निवड झाली."

"मामंजी!"

"वरडू नको. त्या टेबलावर कोण बसलंय बघ. पंचांच्या शेजारी एस.पी. साहेब हायत. आत्ता थांबवलं तर का म्हणून विचारतील. काडतुसं फोडून बघतील. माझा परवाना जाईल ते जाऊ दे, पोरीचं नाव जन्माचं काळं होईल."

"आणि नळी फाटली म्हणजे?"

"न्हाई फाटत. शिकवलंय मी तिला. आवाज फुसका आला तर नळीतनं बघितल्याबिगर ती दुसरं काडतूस भरायची न्हाई."

"कानात कापूस हाय तिच्या!"

दुसऱ्यानं बार काढला. त्याची थाळी फुटली नाही.

"बस खाली, शालन," मामंजी म्हणाले. "नऊच."

मला आयुष्यात तेवढी भीती कधी वाटली नाही, ना आधी, ना नंतर. बंदुकीची वाटत होती, पण त्याहून जास्त त्या माणसाची वाटली. एकेका काडतुसात बॅटरी घालून बघणारा हा माणूस, पोटच्या पोरीच्या डोळ्यांचा जुगार खेळत होता आणि ते त्यालाही कळत होतं. त्याचा गुडघा वरखाली उडत होता. तिसऱ्या जागेवर कुमूनं बंदूक खांद्याला लावली.

मी उठले आणि दोरीखालून पलीकडं गेले. कुणीतरी "ओ बाई!" म्हणून ओरडलं. पंचांनी शिट्टी फुंकली. मी मागून जाऊन कुमूच्या उजव्या खांद्याला धरलं. बंदुकीचं तोंड खाली गेलं. ती वळली, आणि मला बघून तिचा चेहरा उतरला.

"वहिनी? काय झालं?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. टेबलावरचे साहेब उभे राहून आमच्याकडं बघत होते. त्यांच्या पुढ्यातच आमची रिकामी खोकी होती, कारखान्याच्या चिठ्ठीची. आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"आत्याबाई पडल्या. शुद्ध न्हाई. चल घरी."

कुमूनं एक शब्द विचारला नाही. बंदूक मोडली, दोन्ही काडतुसं काढून पिशवीत टाकली, आणि पळतच सुटली. पंच मागून म्हणत होते, की फेरी अर्धवट सोडली तर नाव बाद करावं लागेल. तिनं मागं वळूनही बघितलं नाही.

क्लबच्या जीपमधून आम्ही परत निघालो. कुमू पुढं ड्रायव्हरशेजारी, "आणि जोरात, आणि जोरात" म्हणत रडत होती. मागं मामंजी आणि मी समोरासमोर, मधे बंदुकीची पेटी आणि काडतुसांची पिशवी. घरात कुणी पडलेलं नाही हे दोघांनाही माहीत होतं. मामंजी बाहेर बघत होते. मी त्यांच्याकडं बघत होते, म्हटलं आता बोलतील, निदान ड्रायव्हर गेल्यावर बोलतील.

आत्याबाई सोप्यात होत्या. शेंगांच्या टरफलांचा ढीग तेवढा मोठा झाला होता.

"आलासा? लौकर झालं?" त्या म्हणाल्या.

कुमू उंबऱ्यात थांबली. आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं ती मारणार मला.

"का?" ती म्हणाली. पुढं किंचाळलीच. "का केलंस? तीन वर्षं, वहिनी! पाच वाजता उठून तीन वर्षं! सात थाळ्या पायजे होत्या मला, सात! बघवलं न्हाई तुला? मी नाव काढलेलं बघवलं न्हाई?"

"कुमू, ऐक..."

"आईच्या मरणाचं खोटं सांगितलंस तू मला!"

आत्याबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. मी मामंजींकडं बघितलं. ते पिशवी उचलून मागच्या खोलीत निघून गेले. कुमू सोप्यातच मटकन बसली. मग काय वाटलं कोण जाणे, डोळे पुसत तिनं बंदुकीची पेटी उघडली. काहीही होवो, मैदानावरून आलं की बंदूक साफ केल्याशिवाय पाण्याला शिवायचं नाही, ही त्या घरची शिस्त. रडता रडता ती पुसायचं फडकं शोधायला लागली.

मी मागच्या खोलीत गेले. मामंजींनी उरलेली काडतुसं टेबलावर उभी केली होती आणि एकेकाच्या तोंडावरून अंगठा फिरवत होते. तीन बाजूला काढलेली होती. तिन्हींची तोंडं चाकूनं कापलेली. छर्रे होते, बुचं होती. दारू नव्हती.

"तीनच हायत," ते म्हणाले.

"मापं चार होती, मामंजी."

"मापाला काय, कमीजास्त होतंय. चुकलं असंल तुझं."

"काठोकाठ भरलं होतं चौथं. मी..."

"चुकलं असंल म्हणतोय न्हवं!"

ते माझ्यावर कधीही ओरडले नव्हते. त्यांनी सगळी काडतुसं पुन्हा पहिल्यापासून चाचपायला सुरुवात केली. अंगठ्याच्या धक्क्यानं दोन आडवी पडली आणि टेबलावरून गडगडत खाली गेली. ती उचलायला कुणीच वाकलं नाही. पुन्हा तीनच निघाली. मामंजींनी तिसऱ्यांदा पहिल्या काडतुसाला हात घातला, तेव्हा सोप्यातून कुमूचा आवाज आला. रडून बसलेला, त्रासलेला.

"आबा, गज अडकाय लागलाय."

मामंजी जागचे हलेनात.

"आबा, खालच्या नळीत काय तरी हाय बघा."

मी आधी बाहेर आले. कुमूनं मोडलेली बंदूक मांडीवर घेतली होती. साफ करायचा गज खालच्या नळीत निम्मा गेला होता आणि निम्मा बाहेर होता. मामंजी माझ्या मागून आले. त्यांनी गज काढून घेतला, बंदूक उचलली आणि दाराकडं धरून एक डोळा मिटला. वरची नळी बघितली. खालची बघितली. खूप वेळ बघत राहिले. मग त्यांनी बंदूक खाली ठेवली, गजाचं टोक आत घातलं आणि दुसऱ्या टोकावर लाकडाच्या ठोकळ्यानं ठोकलं. तिसऱ्या ठोक्याला प्लॅस्टिकचं बूच बाहेर पडलं आणि त्याच्या मागं सगळे छर्रे आत्याबाईंच्या शेंगदाण्यांत सांडले.

कुमू अडाणी नव्हती. तिला समजायला क्षणभर लागला असेल.

"मी पुढचं काडतूस भरलं होतं," ती म्हणाली. "ह्याच नळीत. बंदूक खांद्याला लावली होती." मग ती माझ्याकडं वळली. "वहिनी, तुला ठाऊक होतं?"

मला सांगायचं होतं की चूक माझी होती, की बाटली न बघता मी 'रिकामी' म्हणाले होते. पण मी तोंड उघडायच्या आत मामंजी बोलले.

"तिला ठाऊक होतं," मामंजी म्हणाले. ते भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. इतके लहान दिसणारे मामंजी मी कधी बघितले नव्हते. "तिनं मला येऊन सांगितलं, थांबवा म्हणून. मी तिला बस म्हणालो."

आत्याबाई शेंगदाण्यांतून छर्रे वेचायला लागल्या, एक एक करून, आणि त्यांच्या बांगड्या वाजत होत्या. मी कुमूकडं बघायचं धाडस केलं. ती माझ्याकडं बघत नव्हती आणि बापाकडंही नाही. तिनं आपला डावा हात उघडला होता आणि बोटं हळूहळू मिटून, उघडून बघत होती. नेम धरताना नळीखाली तोच हात असतो.